आच न लागलेलं अंडं

माझ्या सूनबाईला स्वयंपाकाचं वावडं आहे. अंडी उकडायला ठेवते आणि पुस्तकात डोकं घालते. पाणी आटतं, अंडी फुटतात, भांडं काळंठिक्कर. त्या दिवशी तर कहरच झाला. ज्या अंड्यांवर तिचं काम टिकणं अवलंबून होतं, तीच ती घरी ओट्यावर विसरली. मग काय, मीच ती जिवापाड जपत तिच्या प्रयोगशाळेत नेऊन पोहोचवली आणि तिथेच कोपऱ्यात उभी राहिले.

तिचं यंत्र म्हणजे जाड भिंतींचं पोलादी नळकांडं. नुसत्या दाबाने, आच न देता अंडं घट्ट होतं, असं तिचं म्हणणं. मागच्या खेपेला मोठ्या साहेबांनी ते उडवून लावलं होतं. "दाबलं की पाणी तापतं. तुमचं अंडं उष्णतेनंच शिजलं," म्हणाले. आज त्यांना पटलं नाही, तर काम बंद.

या वेळी तिने नळकांड्याभोवती बर्फाचं पाणी खेळवलं होतं. अंड्यातला पांढरा बलक पिशवीत भरला, हवा काढली, पिशवी आत सोडली आणि दाब सावकाश चढवत नेला. समुद्राच्या अगदी तळाशी असतो त्याच्या पाच-सहापट! साहेब पडद्यावरच्या तापमानावर डोळे रोखून बसले होते.

"घट्ट कसं होतं गं ते?" मी कुजबुजले.

"आई, प्रथिनांच्या घड्या असतात, त्यांत बारीक फटी. दाब वाढला की पाणी फटींत घुसतं, घड्या उलगडतात आणि एकमेकींत अडकून बसतात."

घड्या विस्कटण्यात ती पटाईतच आहे, तिचं कपाट पाहिलंय मी. पण यंत्रावर तिचा हात अगदी सराईत चालत होता.

झाकण उघडलं. पिशवीत पांढराशुभ्र, घट्ट गोळा!

"तापमान तर वाढलेलं दिसलं नाही," साहेब पुटपुटले. तरी मान हलवायला तयार नाहीत. सूनबाईने पिशवी सरळ त्यांच्या तळहातावर ठेवली.

"अरे, हे तर गारठलंय!" ते दचकले. गोळा बोटांनी दाबून पाहिला, पुन्हा दाबला आणि लहान मुलासारखे हसले. "काम चालू ठेवा."

मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या माझ्याकडे गेलं. "आपण?"

इतकी वर्षं मी तिची ओळख करून देत आले, 'ही आमची सून, अंडंसुद्धा उकडता येत नाही हो.' त्या दिवशी मात्र अभिमानाने ऊर भरून आला होता. मी पदर सावरला आणि ठसक्यात सांगितलं,

"मी हिची सासू."