उशिरा पोचणारा पास

यंदा आमची गल्ली इतकी दमलेली होती की सतरा ऑगस्टच्या, म्हणजे आमच्या स्वातंत्र्यदिनाच्या, खेळांतून पोत्यांची शर्यतच रद्द झाली. गल्लीप्रमुख मुजियोनो, ज्यांना आम्ही आदराने पाक म्हणतो, सभेत जांभई देत म्हणाले, "धावणार कोण? सगळे ओव्हरटाइम करून येतात. बसून खेळायचं काहीतरी काढा."

गेल्या वर्षापर्यंत सभेत मी फक्त पाण्याचे पेले वाटत होते. या वेळी सरळ उभी राहिले. "टीव्हीवर खेळायचा जुना फुटबॉलचा व्हिडिओगेम ठेवू. इथल्या सगळ्या आईबापांचं लहानपण त्यात गेलंय. माझ्या लॅपटॉपवर एम्युलेटर आहे." माझा आवाज मलाच इतका आवडला की मी तेच पुन्हा एकदा सांगितलं.

एम्युलेटर म्हणजे लॅपटॉपला जुन्या खेळयंत्राचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम, हे मी पाकना समजावलं. ते म्हणाले, "घेऊ दे सोंग. पण स्टिक बऱ्या आण." कंट्रोलरला आमच्या सुराबाया शहरात आम्ही सगळे स्टिकच म्हणतो. मला खेळांच्या समितीत घेतलं, दोन स्टिक निवडायचं काम माझ्याकडे आलं आणि त्याच झोकात मी खेळणाऱ्यांमध्ये इबूचं नाव देऊन टाकलं. तिला न विचारता.

इबू म्हणजे माझी आई, विविक. बुटांच्या कारखान्यात नाडीच्या भोकांतल्या कड्या दिवसभर अंगठ्याने दाबून बसवते. घरी आली की चपला काढायच्या आधी भिंतीला टेकते आणि थोडा वेळ तशीच राहते. पण ती माझ्याएवढी होती तेव्हा आमच्या कोपऱ्यावर चाक खोलिलचं (चाक म्हणजे आमच्याकडे दादा) दुकान होतं, टीव्हीवरचे खेळ तासाच्या भाड्याने खेळायला देणारं. मुलांच्या त्या गर्दीत ही एकटी मुलगी. लग्नाकार्यात भेटलेले टक्कल पडलेले काका अजून मला सांगतात, "तुझ्या आईने रडवलंय आम्हाला." ती इबू मी कधी पाहिलेलीच नाही. मला ती पाहायची होती, एवढंच.

मी बिनवायरीच्या दोन स्टिक मागवल्या. कडेला निळा दिवा लागणाऱ्या, हातात धरल्या की एकदम राजेशाही वाटणाऱ्या. त्याच संध्याकाळी इबूला चटईवर बसवलं आणि वर्गातल्यांना दाखवायला फोन उभा करून व्हिडिओ चालू केला.

ती हरली. तीही माझ्याशी, जी आजवर कोणाशीच जिंकलेली नाही! तिने पास दिला की घेणारा खेळाडू केव्हाच पुढे निघून गेलेला असायचा. माझ्या चौथ्या गोलनंतर तिने स्टिक हळूच खाली ठेवली.

"झालं. हात गेले माझे. काढ माझं नाव."

"अगं, पहिल्यांदाच खेळतेयस इतक्या वर्षांनी!"

"अंगठाच वेळेवर पोचत नाही गं." एवढं बोलून ती तिथेच आडवी झाली. कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर एखादा बूट मागे राहिला की मुकादम हिच्याच नावाने ओरडतो. पट्ट्याला कोणी ओरडत नाही.

मी व्हिडिओ पुसायला घेतला. पुसण्याआधी हळू करून पाहिला, आणि मग परत पाहिला. इबूचा अंगठा बटणावर जातोय, बटण दबतंय, आणि पडद्यावरचा खेळाडू नुसता उभा. तिचा अंगठा उचलला जातो तेव्हा कुठे तो लाथ मारतो. मला खेळताना यातलं काही कळलं नव्हतं. मी फोनवर खेळून वाढलेली, अडखळणं मला अडखळणं वाटतच नाही.

सकाळी ती भात ढवळत होती. मी फोन तिच्या नाकासमोर धरला.

"हे काय?"

"तुझा अंगठा बघ. आता तो माणूस बघ."

तिने पाहिलं. "परत लाव," म्हणाली. मी परत लावलं. भात खाली लागला.

"म्हणजे हा उशीर करतोय?"

"हाच! बिनवायरीची स्टिक त्याला उशिरा सांगते."

तिने करपलेला भात खाली उतरवला. रविवारी, आठवड्यातली तिची एकुलती एक झोप सोडून, ओढणी डोक्याला गुंडाळत म्हणाली, "चल. खोलिलकडे."

चाक खोलिल आता बाजाराच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर जुनं सामान विकतो. सरकता जिना बंद होता. मजल्यामजल्यावर इबू कठड्याला टेकून श्वास घ्यायची आणि मला वाटायचं, आता म्हणेल परत फिरू. वर पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं गरम होतं. चाक बनियनवर बसला होता.

"विविक? तू अजून जिवंत आहेस?"

"तुझ्या जिन्याने मारायचं ते मारलंय. स्टिक दाखव. वायरवाल्या."

त्याने टोपलीच पुढ्यात उपडी केली. इबू स्टुलावर बसली आणि एकेक त्याच्या टीव्हीला लावून पाहू लागली. एकीवर तिरकं जायला दाबलं की खेळाडू सरळ पळायचा. दुसरीची बटणं भिजलेल्या बिस्किटासारखी, दाबली की आतच. तिसरी छान होती, पण वायर हलली की मरायची. मी उत्साहाने नवनवीन पुढे करत होते, ती नुसती मान हलवत होती. चेहरा उतरत चालला होता. मग तिने एक पिवळी पडलेली, कोपरा चावल्यासारखी स्टिक उचलली, ओढणीचं टोक ओढून दिशांच्या बटणावर पसरलं आणि त्यावरून अंगठा फिरवायला लागली.

चाक हसायलाच लागला. "अजून ओढणीवरून! हिने माझी सगळी बटणं पुसून चकचकीत केली होती."

"फोड यायचे तेव्हा. आणि तू तास भरायच्या आधीच टीव्ही बंद करायचास, चोरा."

बोलता बोलता तिने गोल मारला. पडद्याकडे नीट बघतही नव्हती.

"हीच," ती म्हणाली. "हिची जोड दे."

"जोड केव्हाच मेली. ही एकटीच आहे."

"मग ही तुझी," मी पटकन म्हणाले. "मी समितीत आहे. मी ठरवणार."

इबूने माझ्याकडे पाहिलं. दमलेल्या डोळ्यांनी रागावलं की जास्त लागतं. "आणि समोरच्याला ती निळ्या दिव्याची? तसं जिंकून मी काय करू?"

मग सुचलं. "मध्यंतरात मैदानाच्या बाजू बदलतात ना? आपण स्टिक बदलू. सगळ्यांनी, प्रत्येक सामन्यात."

"बोलायला शिकलीस," ती म्हणाली आणि कठड्याला धरत जिना उतरू लागली.

सतरा तारखेला सुट्टी असूनही तिला दुपारपर्यंत कामावर बोलावलं होतं. तिथून थेट मांडवात आली आणि कारखान्याच्या शर्टातच खेळली. अंतिम सामना गॅसच्या टाक्या पोचवणाऱ्या सुगेंगकाकांशी. पहिल्या अर्ध्यात पिवळी स्टिक इबूकडे, तिच्यावर ओढणी.

मी पाहिली. ती इबू मी पाहिली! तोंड किंचित उघडं, भुवया वर, आणि पास असा जायचा की घेणारा तिथे पोचतो न पोचतो तोच चेंडू पायाशी. दोन गोल. सुगेंगकाका ओरडले, "हिला घरी पाठवा, माझी पोरं बघतायत!"

मध्यंतरानंतर निळा दिवा तिच्या हातात आला आणि गोल व्हायला लागले, काकांचे. इबू आधीच बटण दाबून पाहू लागली. एक पास बरोबर पोचला, शेवटचा फटका खांबाला लागला. तीन-दोन. हरली.

बक्षीस म्हणून दुसऱ्या नंबरला प्लास्टिकचा टब मिळाला. इबूने निळ्या दिव्याची स्टिक माझ्या हातात दिली आणि मुकादमाच्या आवाजात, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्याला उद्यापासून कामावर घेऊ नकोस. उशिरा येतो."

घरी आल्यावर ती नेहमीसारखी भिंतीला टेकली. मग टब उलटा करून त्यावर बसली.

"दमलीस?"

"मेले." डोळे मिटलेलेच. "पिवळीची जोड शोधायला हवी. खोलिल नीट शोधत नाही. रविवारी परत चढू तो जिना."

"आणि पुढच्या वर्षी तुझं नाव देऊ?"

"आज विचारतेयस?" ती म्हणाली. "दे."