धन खाली सरकतं

माझ्या नातवाच्या, ईशानच्या बारशाचं ते वर्ष, दोन हजार एकोणीस. हॉलंडमधल्या न्यूनेनच्या आमच्या घरात पाळणा उचलायला गेला आणि हार्लेमहून आलेला आमचा स्नेही अरुण, त्याच्या कमरेत उसण भरली. तसाच वाकून राहिला.

"नंदाताई, तुमची जुई पायाळू ना? लावू दे की पाय," त्याची बायको सुरेखा म्हणाली.

"हाउसआर्ट्सला, तुमच्या इथल्या डॉक्टरला फोन करा," मी म्हटलं.

"तो पॅरासिटामॉलच देणार!"

जुई माझी नात, तेव्हा आठ वर्षांची, पुण्यात पायांकडून जन्मलेली. तिने अरुणच्या कमरेला तीनदा पाय लावला. तो सरळ झाला. मी सोडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पंधरा दिवसांनी सुरेखा पुन्हा आली. बारशाच्या दिवशी तिची एक कुडी हरवली होती, तिच्या आईची.

"पायाळूला पुरलेलं, हरवलेलं दिसतं म्हणतात. जुई, बघ गं, तुला दिसतेय का कुठे."

जुईने बागेतला एक खडा उचलला, लोकरीच्या टोपीत टाकला आणि टोपीत तोंड खुपसलं.

हे कुठून आलं ते मला कळलं. माझी सून शलाका तेव्हा धर्मांच्या इतिहासाचा कोर्स करत होती. जेवताना सांगायची. मॉर्मन पंथ ज्याने काढला तो तरुण, दोनशे वर्षांपूर्वी, अमेरिकेत टोपीत खडा घालून लोकांसाठी गुप्तधन शोधायचा. पुढे त्याने टेकडीत सोन्याचे पत्रे सापडल्याचं सांगितलं. पंथाचं मूळ त्या खड्यात आहे असं काही अभ्यासक म्हणतात, काहींना ते पटत नाही. मी ऐकायचे आणि ताटातच बघायचे.

"तिथे," जुई म्हणाली. "झाडाखाली."

सुरेखाने खुरपं घेतलं. वीतभर खणलं. काही नाही.

"अजून खाली. इट्स गोइंग डाउन, मावशी. ती खाली जातेय."

शलाका दारातच थांबली. "आई, त्या लोकांचं धनही असंच खाली जायचं. पण हे मी हिला कधीच सांगितलं नाही."

"सांगावं लागत नाही," मी म्हटलं.

मी सुरेखाच्या हातातून खुरपं काढून घेतलं आणि जुईसमोर मातीत बसले.

"खरं सांग. काय दिसलं?"

ती टोपी चुरगाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "नथिंग. सगळे माझ्याकडे बघत होते ना, आजी."

"हो. बघतात."

"त्या माणसाला तरी दिसायचं का?"

"त्याचं मला ठाऊक नाही, बाळा. माझं ठाऊक आहे."

आम्ही दोघींनी हातांनी खड्डा बुजवला. सुरेखा आत गेली. मग मी जुईला सांगितलं, जे तिच्या आजोबांनाही कधी सांगितलं नव्हतं. मीही पायाळू. मीही आठ वर्षांची होते. भगताने माझ्या अंगठ्याच्या नखावर काजळ लावलं आणि विचारलं, धन कुठे दिसतं? नखात मला माझंच तोंड दिसत होतं. मी बोट केलं, इथे. वडिलांनी पुरुषभर खणूनही काही लागेना, तेव्हा मीच म्हणाले, धन खाली सरकलं.

वडील अजून खाली उतरले. तिसऱ्या दिवशी दुपारी खड्ड्याची कड ढासळली. माझे वडील एकोणीसशे अठ्ठावन्न सालच्या वैशाखात वारले. ते बत्तीस वर्षांचे होते.