डेल्बर्टची पांढरी चड्डी

डेल्बर्ट स्ट्राउडला एका पंक्चरने जवळजवळ आयुष्यातून उठवलं होतं.

अमेरिकेत टेनेसीतल्या आमच्या गावात दर शनिवारी संध्याकाळी तिकीट लावून, आधीच ठरवलेल्या नाटकी कुस्त्या व्हायच्या. मी पंच. डेल्बर्ट खलनायक. काळी चड्डी घालायची, प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांत मीठ फेकायचं आणि पंचाला, म्हणजे मला, दोरांबाहेर भिरकावायचं, हा त्याचा धंदा. अशा माणसाने भरदिवसा, चर्चसमोर, मिस व्हर्ना टॅकेट या म्हाताऱ्या विधवेच्या गाडीचं चाक बदलून दिलं. त्या शनिवारी तो रिंगणात आला आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

पुढच्या शनिवारी आमचे मालक, ओडेल प्रुइट, पांढरी चड्डी घेऊन आले. "आजपासून तू नायक."

"मालक, तिकडे नॉक्सव्हिल शहरात सहा वर्षं नायकच होतो मी. मी आलो की लोक पॉपकॉर्न आणायला उठायचे."

"नीट हसत नसशील."

"हसायचो की! एक म्हणे फार हसतो, दुसरा म्हणे याचे दात बघा. चांगल्या माणसाकडून प्रत्येकाला काहीतरी निराळं हवं असतं. वाईटाकडून काही नको असतं. सासूचा, साहेबाचा, बँकवाल्याचा राग लोक घरूनच भरून आणतात. मी फक्त थोबाड पुढे करतो."

"चड्डी घाल, नाहीतर गाव सोड."

घातली बिचाऱ्याने. टाळ्या पडल्या, पण लग्नातल्या भाषणाला पडतात तशा. तिसऱ्या रांगेतला एक जण पॉपकॉर्नसाठी उठलासुद्धा. डेल्बर्टने ते पाहिलं आणि माझ्या समोरचा माइक ओढून घेतला.

"मंडळी! चाक बदललं म्हणून मिस व्हर्नांनी मला पीचचा केक दिला. जत्रेत अकरा वर्षं पहिला नंबर काढणारा. म्हणे परसातल्या झाडाचे पीच." तो थांबला. "दुकानातल्या डब्यातले आहेत!"

पॉपकॉर्नला निघालेला परत खाली बसला.

पहिल्या रांगेतून मिस व्हर्ना उठल्या. "मेल्या, आईने हेच शिकवलं का रे तुला?" मी अदबीने दोर वर धरला. त्या आत शिरल्या आणि त्यांनी हातातली पर्स डेल्बर्टच्या टाळक्यात हाणली. पर्सची कडी तुटली, आतून एक डबा पडला आणि घरंगळत माझ्या बुटांपाशी आला. लेबलावर पिवळेधमक पीच.

बावीस वर्षं काही न दिसण्याचा पगार घेत होतो. मी छताकडे पाहिलं.

डेल्बर्टने मात्र तो डबा डोक्यावर उंच धरला. "वाचा! वाचता येतं ना कुणाला?"

माणूस खोटं बोलला असता तर लोकांनी एखादवेळी सोडला असता. पण हा पुराव्यासकट खरा निघाला. त्या पॉपकॉर्नवाल्याची खुर्ची सगळ्यांत आधी रिंगणात येऊन आदळली.

"घरी जा आणि फडताळं उघडून बघा रे आपापली!" डेल्बर्ट गरजला. कपाळावर टेंगूळ, पांढऱ्या चड्डीवर कुणाचं तरी सरबत, आणि नॉक्सव्हिलला सहा वर्षांत जमलं नाही असं, कानापर्यंत हसू.

दारातून मालक ओरडत होते, "काळी आणा रे! याची काळी चड्डी आणा!"