माल घेणाऱ्याचं नाव

सदाशिवरावांनी तिसऱ्या ट्रान्सपोर्ट दलालालाही खोक्यांसमोर उभं करून तोच प्रश्न विचारला, "वाटेत माल दुसऱ्या गाडीत चढवणार का?"

"नाही काकाजी. ट्रक सीधा नागपूरलाच जाईल," गोविंद म्हणाला. आधीचे दोघे दारातूनच भाव सांगून मोकळे झाले होते. हा मात्र एकेक खोकं हलवून बघत होता.

बरखेड्यातलं कारखान्याचं क्वार्टर निवृत्तीमुळे महिनाअखेरीला सोडायचं होतं. माल रवाना करणाऱ्या डिस्पॅच खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाचं बिऱ्हाड ते. खोक्यांवर नंबर, बाण, 'ही बाजू वर'. लोणच्याची बरणीसुद्धा नंबरातून सुटली नव्हती. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई त्यावर पोटभर हसल्या होत्या. नागपूरला मुलाकडे जायचा विषय निघाला की मात्र त्या उठून स्वयंपाकघरात जात. इथंच जवळ बाग सेवनियात दोन खोल्या भाड्यानं मिळताहेत, असं त्यांनी एकदा सुचवून पाहिलं होतं. "मुलगा असताना?" म्हणत सदाशिवरावांनी ते तिथंच तोडलं होतं.

गोविंदनं खिशातून पेन काढलं. "तिकडे माल कोण उतरवून घेणार?"

"मुलगा. जयंत."

"त्यांची हो आलीय ना? मागे एका साहेबांचं सामान दोन दिवस फाटकात पडून राहिलं. घरच्यांना खबरच नव्हती. म्हणून मी पहिले विचारून घेतो."

सदाशिवराव चष्मा पुसत राहिले. घेणाऱ्याचा होकार हातात आल्याशिवाय त्यांनी एकही गाडी कधी सोडली नव्हती. त्यापायी वरिष्ठांशी वाद घातले होते. जयंतला त्यांनी तीनदा फोन केला होता. तिन्ही वेळा तो "बघू, बाबा" एवढंच म्हणाला होता. पोटच्या पोराला आणखी काय विचारायचं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. आता गोविंदच्या प्रश्नानं ते 'बघू' फार लागलं.

"गाडी तुमचीच घेतो," ते म्हणाले. "पण ट्रक नको. टेम्पो पाठवा."

"नागपूरला टेम्पो?"

"बाग सेवनियाला. हिनं खोल्या बघून ठेवल्यात."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

लांबचं भाडं हातचं गेलं होतं, तरी गोविंद हसला. मग सवयीनं त्यानं विचारलंच, "आणि तिकडे माल कोण घेणार?"

मंदाकिनीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"माझं नाव लिहा," त्या म्हणाल्या. "मी आधी जाऊन दार उघडून ठेवते."