सोडला म्हणे!

मी एक जुनी हातजाळी आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू गोडगोड बोलतात असं तुम्हाला वाटत असेल, तर आज तसं काही मिळायचं नाही. माझं डोकं फिरलंय.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये फ्लॅम्बो नदीकाठी आर्व्हिड नावाच्या सुताराने मला घडवलं. लाकडाची पट्टी वाफेवर मऊ करून त्याने ती गोल वाकवली आणि तिला बिनगाठीची जाळी लावली. गाठींनी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो, आणि तोच तर त्याचं चिलखत! गळाला लागलेला स्मॉलमाउथ बास जातीचा मासा पाण्यातच धरायचा, गळ काढायचा, सोडायचा, एवढंच माझं काम. सुटलेला मासा शेपटीने आर्व्हिडच्या तोंडावर पाणी उडवून पळायचा. शेजारी माझं कौतुक करायचे. मग आर्व्हिडचे गुडघे गेले आणि मी खुंटीवर धूळ खात राहिले.

यंदा सप्टेंबरात त्याची मुलगी मारित आणि जावई कर्टिस मला घेऊन नदीत उतरले. आर्व्हिड काठावर खुर्ची टाकून बसला. पाणी ओसरून नितळ झालं होतं, त्यावर मेपलची पानं वाहत होती. कर्टिसने गळावर बांधलेली हरणाच्या केसांची खोटी माशी फेकली की गळाला पानच यायचं.

“काय जावईबापू, आज पाल्याची भाजी वाटतं?” आर्व्हिड ओरडला.

पुढे वळणाआड गेल्यावर मात्र गळाची काठी वाकली. फाटक्या पराचा तो थोराड मासा मी लगेच ओळखला. आर्व्हिडने त्याला कितीदा तरी माझ्यातून सोडलं होतं. कर्टिसने त्याला उचलून छातीशी धरलं.

“मारित, फोटो! थांब, टोपी नीट करतो.”

“अरे, पाण्यात धर त्याला!”

“सोडणारच आहे ना! अजून एक काढ.”

मासा हातातून निसटून दगडांवर आपटला. कर्टिसने पुन्हा उचलला, पुन्हा फोटो. मी मारितच्या कमरेला रिकामी लटकत होते. लहान तोंडी मोठा घास होईल, पण सांगते: त्याच्या टाळक्यात बसावं असं वाटलं मला. शेवटी त्याने मासा पाण्यात टाकला. मासा उलटा झाला आणि पडलेल्या ओंडक्याला जाऊन अडकला. मारितने धावत जाऊन त्याचं तोंड प्रवाहाकडे धरलं, खूप वेळ धरलं. कल्ले हलले नाहीत.

काठावर येऊन कर्टिसने फोटो दाखवला. “बघा बाबा, केवढा! सोडला.”

आर्व्हिडचा चेहरा खुलला. “अरे, हा तर आपला फाटका! जगलाय म्हणायचा अजून.”

“मेला तो, बाबा,” मारित म्हणाली. “ओंडक्यापाशी पडलाय.”

आर्व्हिडने मला कर्टिसच्या हातात कोंबलं. “जा, घेऊन ये.”

“आता कशाला?”

“मारलास ना? मग खा!”

माझ्यात पहिल्यांदाच मेलेला मासा आला. संध्याकाळी कर्टिसने तो साफ करून लोण्यात तळला. समोर बसून आर्व्हिडने त्याला काट्यांपर्यंत संपवायला लावला. दुसऱ्या कुणी घास घेतला नाही.

मित्रांनो, मासे खुशाल धरा. खायचा असेल तर मारा आणि खा. सोडायचा असेल तर त्याचं तोंड पाण्यात राहू द्या; फोटो तिथेही निघतो. पण त्याला मारून ‘सोडला’ म्हणून मिरवू नका.