पतंगाजोगे पान

बाबासाहेबांचे किंवा तथागतांचे छायाचित्र असलेला कागद पायदळी जाऊ द्यायचा नाही, हा शेषराव गुरुजींच्या घरचा वडिलोपार्जित दंडक होता. तेवढ्यावर ते थांबते, तर सत्त्याण्णव सालची पौषातली ती दुपार सुखाची गेली असती. परंतु हिंगोलीच्या शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला दंडक नुसता पाळून भागत नाही. त्याला त्यावर भाष्यही करावे लागते.

नात आकांक्षा खाटेखालचा वर्तमानपत्रांचा गठ्ठा ओढून बसली होती. खराट्याच्या काड्या, आजीच्या शिलाई मशीनचे रीळ, ज्वारीच्या पिठाची खळ, सारे सिद्ध होते. अडले होते ते एका पानावाचून. मैदानावरची पोरे तिला पतंग उडवू देत नसत. रीळ धरायला तेवढी बोलावत. "सोताचा आण, मंग उडव," असे शेजारच्या प्रमोदने सकाळीच बजावले होते. दिवस मावळायच्या आत तिचा पतंग वर गेला, तर ती उडवणारी. नाही तर पुन्हा रीळ.

"हे घेऊ, आबा?"

"त्यावर सुभाषित आहे, बाळ."

"हे?"

"अग्रलेख. विचार पटत नाहीत, पण भाषा शुद्ध आहे."

"आन हे? ह्याच्यावर तर निस्ते हळदीचे भाव हायेत."

गुरुजींनी चष्मा लावून ते पान निरखले. हळदीच्या भावांत पूज्य असे काही सापडेना, याचे त्यांना किंचित वाईटच वाटले. मग कोपऱ्यात बुद्धविहारातल्या कार्यक्रमाचे निवेदन दिसले आणि त्यात तथागतांचे लहानसे चित्र. गुरुजींनी ते कात्रीने हळुवार कापून ट्रंकेत ठेवले. पानाला भोक पडले. भोकाला ठिगळ लावले, तेव्हा डावी बाजू जड झाली. म्हणून उजवीकडे ठिगळ. दोन्हीकडचे मिळून तोंड जड झाले. म्हणून जुन्या लुगड्याच्या काठाची शेपटी. समतोल हा गुरुजींच्या आवडीचा विषय होता आणि त्यावर बोलत बोलत त्यांनी खळीची वाटी संपवली.

आजी भागूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "आवं, पतंग करून राहिले का गोधडी?"

"भार सारखा विभागला पाहिजे," गुरुजी म्हणाले.

"भार तर बराबर दिसून राहिला."

मैदानावर गुरुजींनी स्वतः पतंग उचलून धरला आणि आकांक्षा दोरा घेऊन धावली. पतंग हातभर उठला, एकदा गिरकला आणि नाक खुपसून मातीत पडला. काड्या शाबूत राहिल्या, कागद मधोमध फाटला.

"गुरुजी," प्रमोद म्हणाला, "ह्याला कडेवर घिऊन फिरवा. लहान हाय अजून."

पोरे खिदळली. आकांक्षाने फाटक्या पतंगाच्या काड्या सोडवून घेतल्या. "आबा, मला एकच पान पाह्यजे. ठिगळाबिगर. घरी हाय का न्हाई, तेवढं सांगा."

घरी तसे एक पान होते आणि ते कुठे आहे, हे गुरुजींना पक्के ठाऊक होते. ते निवृत्त झाले तेव्हा गावातल्या साप्ताहिकाने त्यांच्यावर एका पानाची स्वतंत्र पुरवणी छापली होती. मधोमध फोटो, वर ठळक अक्षरांत 'ज्ञानतपस्वी'. पाठीमागची बाजू कोरी. हे पान गुरुजींनी त्याच पूजनीय ट्रंकेत ठेवले होते; मात्र दंडकाचा हा विस्तार कोणाच्या ध्यानी येऊ नये, एवढ्यासाठी तोंडाची बाजू आत घेऊन घडी घातली होती.

घरी येऊन गुरुजींनी ट्रंक उघडली आणि ती घडी आकांक्षाच्या हातात उलगडली.

"हा तर तुमचा फोटो."

"हो."

"तुमी बी पायदळी न्हाई जायचं व्हय?"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"घे ते," ते म्हणाले.

"दर उन्हाळ्याला त्याला ऊन दावत व्हते," भागूबाई आतून बोलल्या. "आज वारं दावा."

या खेपेस गुरुजींनी कशालाही हात लावला नाही. उभ्या आयुष्यात त्यांना याहून अवघड काम पडले नव्हते. आकांक्षाने वाटी खरवडून बोटावर जेमतेम खळ घेतली, काड्या चिकटवल्या, कागदाच्याच पट्टीची शेपटी लावली आणि ती पळत सुटली. गुरुजी मागोमाग पोचेपर्यंत ऊन पिवळे पडले होते आणि पतंग पाण्याच्या टाकीच्याही वर गेला होता.

प्रमोद मान मागे टाकून पाहत होता. "गुरुजी, त्याच्यावर फोटो कोनाचा हाय?"

"एक मास्तर आहेत."

"वारले का?"

"अजून नाही."

तेवढ्यात वारा पडला. दोरा सैलावला आणि पतंग झोकांड्या खात खाली येऊ लागला. आकांक्षा दोन्ही हातांनी दोरा ओढू लागली; रीळ तिच्या पायाशी गडगडत गेले.

"प्रमोद, रीळ धर."

प्रमोदने पोरांकडे पाहिले. पोरे पतंगाकडे पाहत होती. तो वाकला आणि त्याने रीळ धरले. पतंग सावरला, पुन्हा वर चढू लागला.

गुरुजी दोन पावले पुढे सरले. समतोलाविषयी एक अत्यंत मोलाची सूचना त्यांच्या ओठांवर आली होती.

"आबा," आकांक्षा वळूनही न पाहता म्हणाली, "तुमी बोलू नका."

गुरुजींनी हात पाठीशी बांधले आणि तोंड मिटले. वर ज्ञानतपस्वी शेपटी हलवत होते.