दीडचे रॉकर

दादाच्या शर्यतीच्या गाडीचं इंजिन टेबलावर उघडं पडलं होतं आणि भोवती घरातलीच तीन माणसं होती. आप्पा बसलेले; गुडघ्यांनी रजा घेतल्यापासून ते दाराजवळच्या पालथ्या ड्रमवर बसून वर्कशॉप चालवायचे. उभ्या होत्या त्यांची लेक आणि त्यांची सून, म्हणजे दादाची बायको. लेकीला सगळे पानाबाई म्हणत, कारण लहानपणी ती बाहुलीऐवजी दहाचा पाना उशाशी घेऊन झोपायची. सून लग्न होऊन आली ती माहेरच्या गॅरेजमधली आपली हत्यारं स्वच्छ फडक्यात गुंडाळून. त्या दिवसापासून पानाबाईच्या पोटात जे दुखायला लागलं, त्याला औषध सापडलेलं नव्हतं.

वहिनी काही वाईट नव्हती, हेच तर दुखणं. वाईट असती तर बरं झालं असतं, दोन शब्द बोलून मोकळं होता आलं असतं. पण ती पाना वापरला की पुसून जागेवर ठेवायची. इंजिनाचा आवाज ऐकायला आप्पा पूर्वी फक्त लेकीला हाक मारायचे, आता म्हणायचे, "सूनबाई, तूही कान लाव जरा." आणि सूनबाई कान लावून जे सांगायची ते नेमकं बरोबर निघायचं.

त्या वर्कशॉपची एक रीत होती. शेवटचा भाग ज्याच्या शब्दावर निवडला, त्यानेच मिटलेलं इंजिन पहिल्यांदा हाताने फिरवायचं, सावकाश, दोन पूर्ण फेरे, आणि बाकीच्यांनी गप्प उभं राहून ऐकायचं. आप्पांच्या हातून तो मान पानाबाईकडे आला होता आणि आजवर दुसऱ्या कोणाकडे गेला नव्हता. या खेपेला शेवटचा भाग म्हणजे रॉकर.

"कॅम तर उंच उचलीचा आणलात," आप्पा म्हणाले. "व्हॉल्व्ह आता पहिल्यापेक्षा खूप खोल उघडणार. जुने पत्र्याचे रॉकर निकालात, त्यांची खाच तेवढ्या हालचालीला पुरायची नाही. मग कोणते घालायचे?"

टेबलावर दोन खोकी होती. दोन्हींतले रॉकर भक्कम, टोकाला रोलर असलेले. रॉकर म्हणजे तरी काय, तराजूच्या दांडीसारखी चीज. एका बाजूने कॅम, म्हणजे फिरत्या दांड्यावरचा उंचवटा, उचलतो, दुसरी बाजू व्हॉल्व्हला, म्हणजे हवेच्या झडपेला, खाली दाबते. एका खोक्यातले दीडचे, म्हणजे कॅमच्या उचलीच्या दीडपट व्हॉल्व्ह उघडणारे. दुसऱ्यातले एक-सहाचे, त्याहून थोडे जास्त. जास्त उघडला तर हवा जास्त, जोर जास्त. पण जास्त उघडला तर खालून वर येणारा पिस्टनही जवळ.

पानाबाईच्या मनात आठवडाभर दीडचेच होते. ती तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी म्हणाली, "मी दीडचे घेईन, आप्पा. कॅमनेच एवढं उचललंय, रॉकरने आणखी हाव कशाला करायची?"

तोंडातला घास कोणी काढून घ्यावा तसं झालं. शब्द तिचे, विचार तिचा, आणि आप्पांची मान हलत होती ती भलतीकडेच बघून.

"एक-सहाचे," पानाबाई म्हणाली.

आप्पांनी चष्मा वर केला. "तू?"

"मी. शर्यत आहे, सहल नाही."

"ठिकाय," वहिनी म्हणाली. "माती लावून बघूया. उगाच वाद कशाला?"

हा समजूतदारपणा तर अगदीच झोंबला. पण चाचणी चुकवता येत नव्हती. पानाबाईने पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळातली मऊ माती थापली, व्हॉल्व्हना तेलाचं बोट लावलं, हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण बसवलं, एक-सहाचे रॉकर जुळवले आणि इंजिन फिरवलं. ही चाचणीची फिरवाफिरवी. हिला मान नाही. मग हेड परत काढलं. आप्पांचा ड्रमवर बसल्या बसल्या डोळा लागला होता. वहिनी हात धुवायला मागे गेली होती. पानाबाईने ब्लेडने मातीची चकती कापली आणि बघितलं.

व्हॉल्व्हचा ठसा जिथे उमटला होता, तिथे निदान नाण्याच्या जाडीएवढी माती उरायला हवी होती. उरली होती पोस्टकार्डाच्या जाडीएवढी. म्हणजे हाताने सावकाश फिरवताना टक्कर नाही. पण वेगात स्प्रिंग व्हॉल्व्हला जराशी उशिरा मिटवते, आणि तेवढ्या उशिरात पिस्टन व्हॉल्व्हला गाठतो. मग व्हॉल्व्ह वाकतो, पिस्टन फुटतो आणि गाडी भर चढावर हातातून जाते.

हे तिला दुसऱ्या कोणी सांगायला नको होतं. तरी तिच्या अंगठ्याने ती चकती दाबली, गोळी केली आणि मुठीत घेतली. मत्सर हा असा पाहुणा आहे की तो घरात शिरला की घरमालकाचेच हात वापरतो.

वहिनी हात पुसत आली. "किती उरली?"

"पुरेशी."

"बरं. मग गास्केट देते."

झालं. बघू दे म्हणाली नाही, मोजून दाखव म्हणाली नाही. म्हणाली असती तर पानाबाईला भांडता आलं असतं. तिने हेडखाली घालायचं ते गास्केट घेतलं आणि ते कुठल्या बाजूने बसतं हेच क्षणभर आठवेना.

इतक्यात दादा आला. हेल्मेट टेबलावर ठेवून म्हणाला, "काय, कोण जिंकलं?"

"तुझी बहीण," वहिनी म्हणाली. "एक-सहाचे बसतायत."

"मला वाटलंच. वा पानाबाई. मग यंदा शेवटच्या चढावर पाय काढायचाच नाही मी."

त्याचा तो उजवा पाय पानाबाईच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. बूट, पॅडल आणि खाली पोस्टकार्डाच्या जाडीएवढी जागा.

"थांबा," ती म्हणाली. "माती पातळच उरली होती."

आप्पा जागे झाले, किंवा जागेच होते. "कुठे आहे?"

तिने मूठ उघडली. गोळी घामाने ओली झाली होती. दादाने हेल्मेट उचललं, परत ठेवलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला. वहिनीने तिच्याकडे बघितलं, चांगलं दोन क्षण बघितलं, आणि दीडचं खोकं पुढे सरकवलं. तोंडाने मात्र एवढंच म्हणाली, "माती परत लावायला लागेल."

परत माती, परत हेड, परत पानाबाईने फिरवलं. या वेळी वहिनीने ती चकती स्वतः कापली, स्वतः मोजली आणि आप्पांच्या हातावर ठेवली. नाण्याच्या जाडीएवढी भरली. रोलरचा माग व्हॉल्व्हच्या टोकावर बरोबर मधोमध पडत होता. माती पुसून, नवं गास्केट घालून इंजिन मिटलं.

"सूनबाई," आप्पा म्हणाले, "फिरव."

पानाबाईने मोठा पाना भिंतीवरून काढून वहिनीच्या हातात दिला. तेवढंही तिला जड गेलं. 'दीडचेच माझ्या मनात होते' हे वाक्य जिभेवर आलं आणि तिने ते गिळलं. आता कोणाला खरं वाटणार होतं?

वहिनी फिरवू लागली. छान फिरवत होती, घाई नाही, झटका नाही. एखादी तरी चूक करावी असं पानाबाईला मनापासून वाटत होतं. पहिला फेरा संपत आला आणि वहिनीचा हात थांबला.

"इथे जड लागतंय." तिने आप्पांकडे बघितलं. आप्पांनी खांदे उडवले. तिच्या कपाळावर आठी आली. "उघडावं लागेल का परत?"

पानाबाईला माहीत होतं. गेल्या महिन्यात तिसऱ्या सिलिंडरमधल्या रिंगा तिने एकटीने बदलल्या होत्या. नव्या रिंगा घट्ट, म्हणून तिथे हवा कोंडते, हात जड होतो आणि पुढे सुटतो. गप्प राहिली असती तर वहिनीने पाना खाली ठेवला असता, सगळं परत खोललं असतं आणि तिचा तो मान अर्धाच राहिला असता.

ती गप्प राहिली. एक श्वास, दुसरा श्वास.

"तिसऱ्याच्या रिंगा नव्या आहेत," ती शेवटी म्हणाली, वहिनीकडे न बघता. "जाऊ दे पुढे. सुटेल."

वहिनीने जोर दिला. हात सुटला आणि दुसरा फेरा सुरू झाला.